भिंतीपलीकडचे मूल

काही वर्षांपूर्वी मुक्त शिक्षणाच्या एका अभ्यासकेंद्रात मी मराठीच्या निबंधांच्या वह्या तपासत होते. ‘मला आवडलेली कथा’ हा निबंधाचा विषय होता. बहुतेकांनी लहानपणी ऐकलेल्या किंवा पाठ्यपुस्तकात वाचलेल्या कथांविषयी लिहिले होते. एका विद्यार्थ्याने मात्र चक्क एका व्हिडिओ गेमविषयी लिहिले होते. त्याचे वय एकोणीस-वीस असेल. घरच्या परिस्थितीमुळे आठवीनंतर त्याची शाळा सुटली होती. रात्री तो एका गोदामावर पहारेकऱ्याचे काम करी आणि सकाळी, डोळ्यांवरची झोप तशीच घेऊन, वर्गात येऊन बसे. त्याने ज्या खेळाविषयी लिहिले होते, त्याचा नायकही रात्रपाळीचा पहारेकरीच होता. निबंधाच्या शेवटी एक वाक्य होते : ‘या खेळात सगळे भुतांना भितात, पण आत एक मूल रडत असते ते कोणी बघत नाही.’

मी त्या निबंधाखाली लाल शाईने शेरा लिहिला : ‘विषयाला सोडून. खेळ म्हणजे कथा नव्हे.’ वही परत घेताना त्याने तो वाचला. वाद घातला नाही. एवढेच विचारले, “बाई, तुम्ही तो खेळ बघितलाय का?” मी तो पाहिलेला नव्हता. न पाहिलेल्या गोष्टीसाठी मी गुण कापले होते. पुढे सुट्टीत भाच्याच्या शेजारी बसून मी तो खेळ पाहिला, त्याचे पुढचे भागही पाहिले, आणि आपला शेरा चुकला होता अशी माझी खात्री झाली. हा लेख म्हणजे त्या शेऱ्याची उशिरा केलेली दुरुस्ती आहे.

त्या खेळाचे नाव ‘फाइव्ह नाइट्स ॲट फ्रेडीज’, म्हणजे ‘फ्रेडीच्या उपाहारगृहातील पाच रात्री’. स्कॉट कॉथन या अमेरिकी रचनाकाराने तो जवळजवळ एकट्याने तयार केला आणि ऑगस्ट २०१४ मध्ये तो संगणकावर खेळण्यासाठी उपलब्ध झाला. त्याच्या जन्माची हकिकत ऐकण्यासारखी आहे. कॉथन यांनी त्याआधी लहान मुलांसाठी एक साधासुधा खेळ काढला होता. त्यातील प्राणी गोजिरे वाटण्याऐवजी यंत्रासारखे हलतात आणि त्यांची भीती वाटते, अशी टीका त्या खेळावर झाली. या टीकेने ते खचून गेले. परंतु पुढे त्यांच्या मनात असा विचार आला, की नकळत इतकी भीती निर्माण होत असेल, तर जाणूनबुजून ती किती निर्माण करता येईल? ज्या दोषाने एक कलाकृती फसली, त्याच दोषातून दुसरी उभी राहिली.

अमेरिकेत १९७०च्या दशकाच्या अखेरीपासून मुलांचे वाढदिवस साजरे करण्याची खास उपाहारगृहे निघाली. तेथे पिझ्झा मिळतो, खेळण्याची यंत्रे असतात आणि व्यासपीठावर पूर्वी माणसाच्या उंचीचे यांत्रिक प्राणी माना हलवीत गाणी म्हणत असत. कॉथन यांनी अशाच एका काल्पनिक उपाहारगृहाची रात्र निवडली. फ्रेडी नावाचे अस्वल, बॉनी ससा, चिका कोंबडी आणि फॉक्सी कोल्हा ही तेथील यांत्रिक मंडळी. दिवसा मुलांना रिझवणारी ही बाहुली रात्री जागची हलतात आणि पहारेकऱ्याच्या खोलीकडे येऊ लागतात. खेळणारा हा पहारेकरी असतो. मध्यरात्रीपासून सकाळी सहापर्यंत त्याला खुर्ची सोडता येत नाही. कॅमेऱ्यांच्या पडद्यावर नजर ठेवायची आणि बाहुले दाराशी आले, की दार लावून घ्यायचे, एवढेच त्याच्या हाती आहे. त्यातही वीज मोजकी. कॅमेरा पाहिला तरी वीज खर्च होते, दार लावून ठेवले तरी खर्च होते. अशा पाच रात्री जो निभावून नेईल, त्याला पडद्यावर पगाराचा धनादेश दिसतो. रक्कम १२० डॉलर. ज्यांनी रात्रपाळी केली आहे, त्यांना या रकमेतील बोचरा विनोद समजावून सांगण्याची गरज नाही.

खेळाचा हा उघड भाग. तेवढाच पाहिला, तर दचकवण्याची एक युक्ती यापलीकडे त्यात काही नाही असे वाटेल. परंतु पहिल्याच रात्री फोन वाजतो आणि आधीच्या एका कर्मचाऱ्याचा मुद्रित केलेला आवाज ऐकू येतो. तो नव्या पहारेकऱ्याचे स्वागत करतो आणि मालकांनी सांगितलेले एक निवेदन वाचून दाखवतो. उपाहारगृहात कोणास इजा किंवा मृत्यू झाल्याचे आढळल्यास, जागा नीट धुऊनपुसून घेतल्यावर आणि गालिचे बदलून झाल्यावर, किंवा नव्वद दिवसांच्या आत, ती व्यक्ती बेपत्ता असल्याची नोंद करण्यात येईल, असा त्या निवेदनाचा आशय आहे. भाषा कशी सभ्य आणि गुळगुळीत आहे पाहा! मृत्यूची वर्दी देण्याआधी गालिचा बदलण्याची व्यवस्था तिच्यात आहे. बाहुली माणसांना का मारतात, याचेही उत्तर त्या आवाजापाशी तयार आहे : हा यंत्राचा बिघाड आहे, माणूस म्हणजे पोशाख न चढवलेला सांगाडा असा त्यांचा समज होतो. बोलणारा माणूसही कंपनीचा साधा नोकरच आहे. चौथ्या रात्रीच्या मुद्रणात त्याच्याच दारावर धडका ऐकू येतात आणि त्याचे बोलणे मध्येच तुटते.

मग खरे काय घडले? ते कोणी सांगत नाही, ते दिसते. तेही दिसले तर. बोळाच्या कोपऱ्यात मुलांसाठी सुरक्षिततेचे नियम लिहिलेला एक फलक आहे. कॅमेऱ्यातून तो अनेकदा डोळ्यांखालून जातो. एखाद्या वेळी मात्र त्या नियमांच्या जागी वर्तमानपत्राची कात्रणे दिसतात. प्राण्याचा वेष घेतलेल्या एका माणसाने मुलांना मागच्या खोलीत नेले. पाच मुले नाहीशी झाली. संशयितास अटक झाली, पण मुले सापडली नाहीत. पुढे यांत्रिक प्राण्यांना दुर्गंधी येते, अशी पालकांनी तक्रार केली. बस्स, एवढेच. दुसऱ्या क्षणी फलकावर पुन्हा नियम असतात. दारावर लक्ष ठेवण्याच्या गडबडीत असलेल्या खेळणाऱ्याला आपण नक्की काय वाचले, याचीच शंका येते. पण वाचले असेल, तर खेळ पूर्वीचा राहत नाही. दाराबाहेर उभे असलेले ते यंत्र आता नुसते यंत्र वाटत नाही. ते कोण आहे, याचा संशय मनात शिरतो आणि भीतीमध्ये दुसरेच काही मिसळू लागते.

त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये दुसरा भाग आला. त्यात कॉथन यांनी आणखी एक पाऊल पुढे टाकले. नाटकात जसे उपकथानक असते, तसे मुख्य खेळाच्या पोटात छोटे छोटे खेळ दडवले. आपण त्यांना ‘उपखेळ’ म्हणू. पहारेकरी मारला गेल्यावर कधीकधी, नेहमी नव्हे, पडदा काळा होतो आणि जुन्या काळच्या व्हिडिओ गेमसारखी, ठसठशीत रंगीत चौकोनांनी बनलेली चित्रे समोर येतात. एका उपखेळात खेळणारा फ्रेडी अस्वल होतो. आत मुले बसली आहेत, त्यांना केक वाटायचा आहे. बाहेर एक मूल एकटेच रडत उभे आहे. केक वाटता वाटता फ्रेडीची चाल मंदावत जाते. तेवढ्यात एक गाडी येते, जांभळ्या रंगाची एक मानवाकृती उतरते, मुलाजवळ जाते आणि परत निघून जाते. खेळणारा काहीच करू शकत नाही. मागे एक घोगरा आवाज तुटकपणे एकेक इंग्रजी अक्षर उच्चारत असतो. ती अक्षरे जुळवली, तर ‘त्याला वाचवा’ असा अर्थ निघतो. ज्यांनी मोठेपणी अक्षर अक्षर जुळवून वाचायला शिकण्याचे कष्ट घेतले आहेत, त्यांना त्या क्षणाचे मोल अधिक कळेल. अर्थ हाती येतो, पण तोवर उशीर झालेला असतो.

दुसऱ्या एका उपखेळात एक बाहुली चार निपचित मुलांना आधी भेटवस्तू देते आणि मग त्यांच्या चेहऱ्यांवर प्राण्यांचे मुखवटे चढवते. शेवटच्या क्षणी पाचवे मूल पडद्यावर क्षणभर दिसते न दिसते तोच चित्र नाहीसे होते. रक्त नाही, किंकाळी नाही, हत्येचे वर्णन नाही. रंगाचे काही चौकोन तेवढे हलतात. तरीही या दोन मिनिटांनी आधीच्या सर्व रात्रींचा अर्थ उलटा होतो. ज्यांच्या तोंडावर आपण दार लावून घेत होतो, ती मुले होती.

येथे एक गोष्ट लक्षात घ्यावी. हे उपखेळ पहारेकरी हरल्यावरच दिसतात. जो सफाईने प्रत्येक रात्र जिंकत जाईल, त्याला यातले काहीच कळणार नाही. धनादेश त्याला मिळेल, कथा मिळणार नाही. बहुतेक खेळांत हरणे म्हणजे नुसता वेळ वाया जाणे असते. येथे हरणाऱ्याला असे काही दिसते, की जे जिंकणाऱ्याला दिसत नाही. हे तत्त्व मला मोलाचे वाटते. आयुष्यात एखाद्या परीक्षेत मागे राहिलेल्या माणसाला जगाची जी बाजू दिसते, ती पहिल्या क्रमांकाने उत्तीर्ण होणाऱ्याला क्वचितच दिसते.

साहित्याच्या अभ्यासकाला या रचनेत परके असे काही नाही. शब्दाच्या अभिधा, लक्षणा आणि व्यंजना या तीन शक्ती आपण व्याकरणात शिकतो. नवव्या शतकात काश्मीरमध्ये होऊन गेलेल्या आनंदवर्धनांनी ‘ध्वन्यालोक’ या ग्रंथात असे प्रतिपादन केले, की उघड अर्थाच्या आडून सूचित होणारा अर्थ, म्हणजेच ध्वनी, हा काव्याचा आत्मा होय. फोनवरचा आवाज हा या खेळाचा वाच्यार्थ आहे. कात्रणे आणि उपखेळ ही त्याची व्यंजना आहे. रसाच्या दृष्टीने पाहिले, तर बाहेरचा खेळ भयानक रसाचा आहे आणि आतला करुण रसाचा. भय हा एकाचा स्थायीभाव, शोक हा दुसऱ्याचा. भीती वाटते तेव्हा माणूस स्वतःपुरता पाहतो. शोक त्याला दुसऱ्याकडे पाहावयास लावतो. खेळणाऱ्याला एका भावाकडून दुसऱ्याकडे नेणे, हे या लपवालपवीचे खरे प्रयोजन आहे. माझ्या विद्यार्थ्याने रसांची नावे न घेता नेमके हेच एका वाक्यात लिहिले होते.

खेळात काही लपवून ठेवण्याची प्रथा अर्थातच या खेळापासून सुरू झाली नाही. तिचे प्रसिद्ध असे जुने उदाहरण ‘अॅडव्हेंचर’ या खेळाचे आहे. अटारी या अमेरिकी कंपनीसाठी वॉरन रॉबिनेट या तरुणाने १९७०च्या दशकाच्या अखेरीस तो तयार केला. खेळ तयार करणाऱ्यांची नावे जाहीर न करण्याचे त्या काळी कंपनीचे धोरण होते. खेळ खपे, कंपनीला पैसा मिळे. करणारा मात्र अनामिक राही. रॉबिनेट यांनी कोणालाही न सांगता खेळात एक गुप्त खोली ठेवली. एका भुयारी वाटेत राखाडी रंगाचा, जेमतेम दिसेल एवढा एक ठिपका होता. तो शोधून ठरावीक ठिकाणी नेला, की भिंत ओलांडून पलीकडे जाता येई. पलीकडच्या खोलीत या खेळाच्या कर्त्याचे नाव लिहिलेले होते. पुढे एका मुलाला ती खोली सापडली आणि त्याने कंपनीला पत्र लिहिले. तोवर रॉबिनेट नोकरी सोडून गेले होते. ईस्टरच्या सणात मुले लपवलेली अंडी शोधतात, त्यावरून अशा गुपितांना ‘ईस्टर एग’ हे नाव पडले.

बहुतेक लोक ही हकिकत गंमत म्हणून सांगतात. मला तीत न्यायाचा प्रश्न दिसतो. ज्याचे श्रम आहेत, त्याचे नाव वरच्या वेष्टनावर नाही, म्हणून ते भिंतीपलीकडच्या खोलीत जाऊन बसले. अधिकृत कागदात ज्याला जागा मिळत नाही, ते नाहीसे होत नाही. ते कोठेतरी आडबाजूला तग धरून राहते. अनामिक कारागिराचे नाव असो, की गालिचे बदलून पुसून टाकलेली पाच मुले असोत, गुप्त खोली अशांसाठीच असते. कॉथन यांचे उपखेळ नेमके अटारीच्या काळातील चित्रांसारखे दिसतात. या साम्यामुळे तरी मला ती दोन गुपिते एकाच कुळातील वाटली.

मार्च २०१५ मध्ये आलेल्या तिसऱ्या भागात हे कूळ अधिक स्पष्ट होते. त्याची कथा तीस वर्षांनंतर घडते. जुन्या उपाहारगृहातील अवशेष गोळा करून काही लोक एक भीतिगृह उभारत आहेत. पूर्वी झालेल्या हत्यांची दंतकथा बनली आहे आणि लोकांनी पैसे देऊन तिला भ्यावे, अशी योजना आहे. दुःखाचा माल कसा होतो, याचे याहून नेमके चित्र कोणते असेल? खेळणारा तेथेही पहारेकरीच आहे. या भागात प्रत्येक रात्रीनंतर एक उपखेळ आपोआप दिसतो. पाचव्या रात्रीनंतरच्या उपखेळात मुलांचे आत्मे त्या जांभळ्या माणसाला कोंडीत पकडतात. तो लपण्यासाठी एका जुन्या यांत्रिक पोशाखात शिरतो आणि त्या पोशाखातच चिरडला जातो. गुन्हेगाराला शिक्षा झाली. खेळ येथे संपला, असे कोणीही म्हणेल.

तो संपत नाही. पडद्यावर बाहुल्यांची मुंडकी दिसतात आणि त्यांच्या डोळ्यांत अजून उजेड असतो. मुले अजून आत आहेत. त्यांना सोडवण्यासाठी आणखी काही उपखेळ शोधावे लागतात, आणि ते फार खोल दडवलेले आहेत. कोठे भिंतीवरच्या चित्रावर दोनदा टिचकी द्यावी लागते, कोठे भिंतीच्या फरश्यांवर एक संख्या दाबावी लागते. सापडल्यावरही ते वरवर पोरखेळच वाटतात. फुगे गोळा करायचे, उड्या मारायच्या. फुगे गोळा करून दाराने बाहेर पडले, की खेळ संपला. परंतु पडद्याच्या कडेची भिंत ओलांडून रिकाम्या काळोखात पुढे जात राहिले, तर अखेर तेथे एक रडणारे मूल भेटते. त्याला केक द्यायचा. एवढेच. प्रत्येक उपखेळात एक मूल आणि एक केक. सर्वांना केक मिळाला, की शेवटचा उपखेळ उघडतो. मुखवटे घातलेली मुले वाढदिवसाच्या मेजवानीला जमलेली असतात. एका मुलाला केक मिळायचा राहिलेला असतो. तो दिला, की मुखवटे खाली पडतात. यानंतर दिसणाऱ्या चित्रात बाहुल्यांच्या डोळ्यांतला उजेड मालवलेला असतो.

या रचनेतील एक भेद मला अतिशय अर्थपूर्ण वाटतो. गुन्हेगाराची शिक्षा सर्वांना आपोआप दिसते; मुलांची सुटका शोधणाऱ्यालाच दिसते. आपल्या भोवतालीही असेच घडते. आरोपीला शिक्षा झाली, की बातमी मोठ्या अक्षरांत छापून येते आणि प्रकरण मिटले असे आपण मानतो. ज्याच्यावर अन्याय झाला, त्याच्याजवळ नंतर कोणी जाऊन बसले का, हे विचारावयास कोणाला सवड नसते. सूड घेणे हा खेळाचा ठरलेला मार्ग आहे. सांत्वन करण्यासाठी मात्र ठरलेल्या मार्गावरून उतरावे लागते.

या लेखनपद्धतीवर आक्षेप घेता येतात, आणि ते घेतलेच पाहिजेत. पहिला आक्षेप असा, की जे बहुतेकांना सापडणारच नाही, ते लिहावे कशाला? भिंतीवरची ती संख्या एकट्या खेळणाऱ्याने आपल्या बुद्धीने शोधून काढणे जवळजवळ अशक्य आहे. वास्तवात हे उपखेळ इंटरनेटवर एकत्र आलेल्या हजारो खेळणाऱ्यांनी मिळून उलगडले. एकाने चित्र पाहिले, दुसऱ्याने अक्षरे जुळवली, तिसऱ्याने कात्रणे वाचून दाखवली. वाचन ही एकट्याने करावयाची गोष्ट आहे, ही आपली समजूतच मुळी अलीकडची आहे. एकाने पोथी वाचावी, दुसऱ्याने अर्थ सांगावा आणि चारचौघांनी ऐकावे, ही रीत आपण पिढ्यान्‌पिढ्या पाहिली आहे. परंतु आक्षेप यामुळे पुरता खोडला जात नाही. ज्याच्यापाशी इंटरनेट नाही, सोबत नाही, त्याच्यासाठी ते दार बंदच राहते. म्हणून माझी अपेक्षा अशी आहे, की लपवलेले न सापडणाऱ्यालाही निदान एक कात्रण तरी दिसावे, भिंतीपलीकडे काही आहे एवढी शंका तरी त्याला यावी. पहिल्या भागाने हे पथ्य पाळले आहे. तिसऱ्याने ते काहीसे मोडले आहे.

दुसरा प्रश्न गुपिताच्या किल्लीचा आहे. ऑगस्ट २०१४ मध्येच ‘पी. टी.’ नावाचा एक छोटा भयखेळ प्लेस्टेशन ४ या यंत्रावर विनामूल्य देण्यात आला. एकच बोळ, पुन्हा पुन्हा तोच. रेडिओवर एका बापाने कुटुंबाची हत्या केल्याची बातमी निर्विकार आवाजात सांगितली जात असते. शेवटचे कोडे जगभरच्या खेळणाऱ्यांनी मिळून सोडवले, तेव्हा उघड झाले, की हिदेओ कोजिमा आणि चित्रपट दिग्दर्शक गिलेर्मो देल तोरो यांच्या आगामी ‘सायलेंट हिल्स’ या खेळाची ही गुप्त जाहिरात होती. २०१५ मध्ये तो आगामी खेळ रद्द झाला आणि ‘पी. टी.’ही काढून घेण्यात आला. ज्यांनी तो आधी उतरवून घेतला नव्हता, त्यांच्यासाठी ते दार बंद झाले. पुस्तक छापून विकले, की ते वाचकाचे होते; दुकान बंद पडले तरी घरातील प्रत राहते. या नव्या कथांची किल्ली मात्र पुष्कळदा मालकाच्याच खिशात असते.

तिसरा आक्षेप मला सर्वांत गंभीर वाटतो. गूढ विकले जाते. फ्रेडीच्या कथेचे पुढे अनेक भाग निघाले, कादंबऱ्या निघाल्या, २०२३ मध्ये चित्रपट आला. प्रत्येक उत्तरातून दोन नवे प्रश्न काढत राहिले, की ग्राहक पुढच्या भागाची वाट पाहतो. मग कोणते मूल कोणत्या साली मेले, कोणाच्या बापाचे नाव काय, यावर लोक तासन्‌तास वाद घालतात. तपशिलांचा ढीग वाढत जातो आणि त्याखाली ते रडणारे मूल पुन्हा पुरले जाते. तिसऱ्या भागातील भीतिगृह उभारणाऱ्यांचे वागणे आपल्याच हातून घडू लागते. हा दोष लेखकाचा जितका, तितकाच वाचकाचा. शिवाय असे खेळ लहान मुलांच्या हाती देण्याचे नाहीत, हेही सांगितले पाहिजे. प्राण्यांची चित्रे पाहून मोठी माणसे फसतात आणि हे मुलांचेच आहे असे समजतात. घरातील मूल काय खेळते, हे त्याच्या शेजारी बसून पाहण्याला पर्याय नाही. मलाही शेजारी बसल्यावरच कळले.

लपवलेली कथा चांगली की वाईट, हे ठरवण्यासाठी मी एकच कसोटी लावते. ती सापडल्यावर, उघड्यावर होते त्याचा अर्थ बदलला पाहिजे. नुसते बक्षीस मिळाले, एखादे जास्तीचे शस्त्र हाती आले, तर तो लपंडाव झाला. ज्याला आपण राक्षस समजत होतो, त्याच्या जागी मूल दिसले, तर ते साहित्य झाले. या कसोटीवर २०१४ आणि २०१५ मधील ते ओबडधोबड चौकोनी उपखेळ उतरतात, असे माझे मत आहे.

आणि ही दृष्टी खेळापुरती ठेवण्याचे कारण नाही. आपल्यापुढे रोज कागद येतात : कामावर घेतल्याचे पत्र, विम्याचा अर्ज, अपघातानंतर सही करावयास दिलेले निवेदन. त्यांची भाषा त्या फोनवरच्या आवाजासारखीच सभ्य असते. त्यांत काय लिहिले आहे हे वाचता येणे, ही साक्षरता. काय लिहिलेले नाही, कोणाचे नाव गाळले आहे, हे ओळखता येणे, ही साक्षरतेची पुढची पायरी. मराठीचा अभ्यास आपण त्या पायरीसाठी करतो.

तो विद्यार्थी त्या वर्षी उत्तीर्ण झाला आणि केंद्रात पुन्हा आला नाही. वही त्याच्याबरोबर गेली. तीत माझा लाल शाईचा शेरा अजून असेल. हे पुस्तक हिंडत हिंडत त्याच्या हाती पडले, तर त्याने तो शेरा खोडावा आणि आपल्या हाताने गुण वाढवून घ्यावेत. निबंध विषयाला धरूनच होता.